बन्सीचं 'समज'

औरंगाबाद, दिवाळी १९५२

बन्सी,

आज तुला आशीर्वाद नाय. काल फराळाला सगळ्यांदेखत विचारलंस, "अक्का, समज, तू मुसलमानाच्या घरी जन्मली असतीस, तर नमाज पढली असतीस?" मी ताटावरून उठले, तर "घाबरली!" म्हणून हसलास.

रझाकारांच्या वर्षी तू पुण्यात शिकत होतास. मी फुलंब्रीत शेजारच्या रसूलबीची लेक बनून अकरा दिवस लपले. रझाकार दारात आले, की मी तिच्या बाजूला नमाज पढायचे.

हे पत्र धाडणार नाय, नायतर यावरही कॉलेजात भाषण ठोकशील. पण तेव्हा मी नुसते ओठ हलवत नव्हते, जीव तोडून मागत होते. कुणाकडं मागितलं, हे मी अजून स्वतःलासुद्धा विचारलेलं नाय. तू कोण रे विचारणारा?

चतुराअक्का