सुजाताने हलका केलेला स्पर्श

४ ऑक्टोबर, आर्वी
पंधरवड्यापूर्वी गेलेल्या सुजाताच्या पुण्यानुमोदनाला वाटलेल्या पत्रकात भाऊरावांनी लिहिले आहे : ‘सुजाताताई गतवर्षी जुलैमध्ये मंचावर पेटी वाजविता वाजविता कोसळल्या. तोवर त्या ठणठणीत होत्या.’ आमच्या गायन पार्टीच्या मुख्य गायकाने निदान वाद्य तरी ओळखावे. ती पेटी नव्हे, अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा डिजिटल पियानो आहे. आणि मंचावर नव्हे. १९ जुलैला आमच्या स्वयंपाकघरात तिच्या हातातून कुकर सुटला व मागोमाग ती पडली. मी चार पावलांवर होतो. ‘ठणठणीत’ हा शब्द तेवढा ग्राह्य. त्यापूर्वी माझ्या मुलीला काहीही झालेले नव्हते.

७ ऑक्टोबर
चौदा तारखेला जाम येथे कार्यक्रम. सु.च्या जागी माझी धाकटी, विशाखा, वाजवील. दीड वर्ष पियानो खोळीत होता. आज भाऊरावांनी तो उघडविला.
‘गुरुजी, कंपनीनं नवे आवाज देल्ले, फुकट. स्पर्शाचे प्रकारबी वाढवले. पेटीचा आवाज आयकसान त म्हणसान, खरीच पेटी हाय.’
अडचण एकच. नवे भरताना जुन्या स्मृती पुसल्या जातील. सु. प्रत्येक कार्यक्रमाची एक स्मृती तयार करी व तिला त्या गावाचे नाव देई : त्या दिवशीची गाणी, त्यांचे आवाज, स्पर्श. पुसण्यापूर्वी मी सर्व वहीत उतरवून घेईन असे सांगितले. भाऊराव हसले. ‘उतरवा. तुमाले थांबवणारा कोण?’

८ ऑक्टोबर
सकाळी सात ते अकरा. माहितीपुस्तिका शेजारी. जुन्या यंत्रात स्पर्शाच्या पाच पायऱ्या आहेत. पाचवर बोट जोराने पडल्याशिवाय मोठा आवाज निघत नाही. एकवर नुसते टेकविले तरी निघतो. गतवर्षीच्या चार स्मृती अशा :
तळेगाव ४. जाम ३. आष्टी २. आर्वी १.
गाणी बहुतेक तीच. सभागृहानुसार बदल केला असावा, असे प्रथम वाटले. परंतु सभागृह एकाही ठिकाणी नव्हते. सर्वत्र उघडा मांडव. त्याआधीच्या सगळ्या गावांना ४ किंवा ५. एकदाही खाली नाही.
दुपारी जेवलो नाही.

९ ऑक्टोबर
गतवर्षीची माझी रोजनिशी काढली. कार्यक्रमांच्या तारखा माझ्याजवळ असतात, निवेदक मी.
१६ मार्च, आष्टी. माझ्याच अक्षरात : ‘सुजाताचे वादन निष्काळजी. शेवटच्या दोन गीतांत उजवा हात दबलेला. परतताना जीपमध्ये सर्वांदेखत समज दिली.’
ती काय म्हणाली, हे मी लिहिलेले नाही. मला आठवते. ‘हो बाबा, पुढच्या टायमाले जोर लावतो.’
पुढच्या वेळी, आर्वीला, आवाज भरघोस होता. मी लिहिले : ‘बोलण्याचा परिणाम झाला.’

१० ऑक्टोबर
भाऊरावांना वही दाखविली. त्यांनी ती मिटून परत दिली :
‘जाऊ द्या न गुरुजी. तुमी त मरणातबी शुद्धलेखन तपासता.’
‘तुम्हाला ठाऊक होते?’
‘मले? जामले बाटलीचं झाकण माह्याकून उघडून घेतलं तिनं. म्या म्हटलं, नखरे करून राह्यली पोरगी.’
रोग स्नायू वाळविणारा. नागपूरच्या डॉक्टरांनी निदान सांगितले ते पडल्यानंतर, गतवर्षीच्या सप्टेंबरात. औषधाने तो थांबला नसता, असे तेच म्हणाले होते. पण जुलैपर्यंतचे ते पाच महिने तिने एकटीने

११ ऑक्टोबर
काल वाक्य अपुरे राहिले. तसेच राहू द्यावे.
पेनड्राइव्ह लावला. यंत्राने विचारले, जुन्या स्मृती पुसाव्यात का. भाऊरावांनी माझ्याकडे पाहिले.
‘दाबू का?’
‘दाबा.’
वीस मिनिटे. नव्या आवाजांपैकी पेटीचा आवाज खरोखर उत्तम आहे. भात्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. मी उठून अंगणात गेलो.

१२ ऑक्टोबर
वि. सायंकाळी सरावाला बसली. आता स्पर्शाचे दहा प्रकार आहेत. तिने एकेक चाचपून पाहिला व सर्वांत हलक्यावर थांबली.
‘बाबा, हाच ठेवतो मी. बोटं भरून येऊन राह्यले.’
‘केव्हापासून?’
‘आत्ता! किती दिवसानं बसली मी. काऊन अशे पाहून राह्यले?’
सराव नसला की बोटे भरून येतात, हे खरे आहे. रोग काही घरांत रक्ताच्या नात्यात उतरतो असे डॉक्टर म्हणाले होते, हेही खरे आहे. ते वि.समोरच म्हणाले होते.
जेवताना मी लोणच्याची बरणी तिच्यापुढे सरकविली. झाकण घट्ट आहे, म्हटले. तिने बरणीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. न उघडताच परत ठेवली.
‘मले पेशंट नका बनवू, बाबा.’
लोणच्याविना जेवलो. दोघेही.

१३ ऑक्टोबर
सकाळी वि.ला म्हणालो, कार्यक्रम झाला की नागपूरला जाऊन येऊ. ती म्हणाली, ‘कायले?’ मी दुसऱ्यांदा विचारले नाही.
पत्रक भाऊराव पुन्हा छापणार नाहीत. माझ्यापुरती दुरुस्ती येथे करतो. ४ ऑक्टोबरचे माझे शेवटचे वाक्यही (‘काहीही झालेले नव्हते’) रद्द.

११ जानेवारी, तळेगाव : स्पर्श ४. येथपर्यंत ठणठणीत.
८ फेब्रुवारी, जाम : स्पर्श ३. आजाराचा आरंभ हा, जुलै नव्हे.
१६ मार्च, आष्टी : स्पर्श २. ‘निष्काळजी’ खोडले. निष्काळजी मी.
१४ एप्रिल, आर्वी : स्पर्श १. माझ्या बोलण्याचा परिणाम नव्हे.
१९ जुलै : घरी पडली. मंचावर नव्हे.
१२ ऑक्टोबर, यंदा : विशाखा. स्पर्श सर्वांत हलका. कारण :