आठवी टाळी

गुरुजी, तुम्हाला जाऊनही आता कैक वर्षं झाली; तुमचा आवाज आठवायचा तर आधी मला सणसरची शाळा आठवावी लागते, खिडकीबाहेरचा ऊस आठवावा लागतो. मग त्यामागून तुम्ही येता, हातात चावडीवरच्या रेडिओचा जळका व्हॉल्व्ह घेऊन. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. "कलकत्त्याला गणितं करणारं यंत्र आलंय, पोरांनो. त्याच्या पोटात असल्याच काचेच्या नळ्या. पेटली की एक, विझली की शून्य. बास, एवढ्यावर त्याचा संसार!"

यंत्र दाखवायला नव्हतं, म्हणून तुम्ही आमचंच केलंत. चौघं ओळीत. उभा तो एक, बसलेला तो शून्य. टाळी वाजली की पहिल्यानं उठायचं, पुढच्या टाळीला बसायचं आणि बसताना शेजाऱ्याच्या खांद्याला हात लावून हातचा द्यायचा. हातचा मिळाला की त्यानंही तसंच उठायचं, बसायचं. घरं एकाचं, दोनाचं, चाराचं, आठाचं. आठाच्या घरात जो न चुकता उठेल, त्याला ती नळी बक्षीस.

मला दिलंत चाराचं घर. आठाचं दिलंत कळस गावच्या त्या पोराला, जो मामाकडं राहून शिकत होता आणि ज्याला कवितेची एक ओळ धड चालीत म्हणता येत नव्हती. उठणं-बसणं म्हणजे तर लघु-गुरूच, गुरुजी! सगळी वृत्तं पाठ होती मला. पण कविता म्हणायला मी, आणि डोकं लागेल तिथं तो. तुम्ही त्याच्याकडे पाहून हसायचात ते हसू मी मोजायचो.

सात टाळ्या झाल्या तेव्हा एक, दोन, चाराच्या घरातले आम्ही तिघंही उभे. आठवी वाजते. पहिला बसतो, दुसरा बसतो, मी बसतो, आणि माझा हात माझ्याच गुडघ्यावर राहतो. सगळी ओळ बसलेली. आठ टाळ्यांचं उत्तर शून्य.

"यंत्र जळालं, गुरुजी!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग खदखदला.

"का रं, झोपलास व्हय?" तुम्ही त्याला.

"मला हात लागलाच न्हाय, गुरुजी."

"लावला की! ह्याचंच ध्यान न्हाय," मी म्हणालो.

तुम्ही आमची घरं बदललीत. पुन्हा आठवी टाळी, आणि त्याचा हात माझ्या खांद्यावर आला. हलका, अगदी वेळेवर. मी उठलो. नळी मला मिळाली.

पुढं तो पुण्यात खऱ्या यंत्रांवर कामाला लागला, मी इंदापुरात पोरांना कविता शिकवत राहिलो. नातू सांगतो, हातातल्या फोनच्या पोटातही अजून तेच उठणं-बसणं चालतं. ते ऐकूनही मला आधी त्याचाच चेहरा दिसतो, आणि पोटात तेच दुखतं.

परवा तो घरी आला होता. चहा पिता पिता म्हणाला, "ती नळी हाय का रं अजून? एकदा बघू दे की."

"फुटली कवाच," मी म्हणालो.

पंख्यानं उडू नये म्हणून या कागदावर तीच ठेवली आहे. हे पत्र खरं तर त्याचं, आणि त्याचा पत्ताही माझ्याकडे आहे. पण तो उलट विचारेल, गुरुजी. तुम्ही विचारणार नाही.