बारशापर्यंत

सोम. ४ डिसें.
नात झाली हो! शुक्रवारची. नाक थेट यांचं. सून रेवा म्हणते, आई, नजर लावाल. लावीन, मग काढीनही.
यांना आज परत इमर्जन्सीत न्यावं लागलं. पोटातला कॅन्सर पाठीत शिरलाय. स्ट्रेचर मिळेतो बाकावरच आडवे. तिथल्या डॉक्टरणीने मुलाला, विनूला, बाजूला घेतलं, माझे कान तिकडेच. "भैया, यहाँ सुई लगाकर भेज देंगे, बस। दर्द की गोली घर पर टाइम से दीजिए।" देतोच की. घड्याळ बघून देते.

बुध. ६
यांचं एकच, बारशाला मी घरी पाहिजे, पोरीच्या कानात नाव मीच सांगणार. ते खरं आत्याचं काम. पण लेक फोनवर म्हणाली, बाबांना कोण नाही म्हणणार. नाव काय ते मलाही सांगत नाहीत. बारसं मंगळवारी. तोवर सोयेर, बाळ-बाळंतीण मागच्या खोलीत. मी बाळाला न्हाऊ घालते, मग स्वतः अंघोळ, मग यांच्याकडे. दिवसभर ओलीच.
डिंकाचे लाडू केले. शेजारची मिश्राइन म्हणे हमारे यहाँ सोंठ ज्यादा. घातली.

शुक्र. ८
सकाळी भयंकर कळ. उशीचं टोक दातात धरलेलं. विनू ऑटो आणायला धावला. चादर सारखी करताना यांची सुपारीची डबी पडली. आत गोळ्या. जिभेखाली धरून नंतर काढलेल्या, कडा विरघळलेल्या.
"हे काय?"
"मंगळवारसाठी गं. सगळ्या घेऊन ताठ बसेन."
जन्मभर हेच. नवं धोतर दिवाळीला, चांगली बिस्किटं पाहुण्यांना. डॉक्टरणीला फोन लावला. एकदम घेतल्या असत्या तर श्वासच थांबला असता म्हणाली. एक गोळी समोर बसून गिळायला लावली. कळ उतरली. ऑटो रिकामा परत.

रवि. १०
दुखणं कमी, पण श्वास घरघरतोय. विनू म्हणतो इमर्जन्सीत नेऊ, ऑक्सिजन तरी. हे हातानेच नाही म्हणतात. नेलं तर परत येतील का, हे कोणी बोलत नाही.
तेवढ्यात रेवा दारात, बाळ घेऊन. "आई, घ्या." सोयेर उद्यापर्यंत. सासूबाई असत्या तर घर डोक्यावर घेतलं असतं. मी घेतलं, यांच्या छातीशी ठेवलं. ओठ कानाशी हलत राहिले, बराच वेळ. एवढं लांब कुठे नाव असतं.
बाळ शिंकलं. हे हसले.
विनूने विचारलं, बाबा, काय ठेवलं?
"मंगळवारी."

सोम. ११
यांनी गोळी गिळली, जीभ वर करून दाखवली, पोरासारखी. घरघर तशीच. ओरछा गेटच्या माळ्याला पाळण्याची फुलं सांगितली. विनूने ऑटोवाल्याला सांगून ठेवलंय, फोन येताच ये.
उद्याच्या घुगऱ्यांना हरभरे भिजत घातले. जरा जास्तच, काही झालं तरी माणसं येतील.