निबंधात बाबा नाहीत

रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. बरे म्हणजे आपल्या घरातल्या मापाने बरे. बाबांचं वजन थोडं वाढलंय, म्हणून आई खूश आहे. हात मात्र आधीपेक्षा जास्त उडतात. बैठकीतला काचेचा टीपॉय मी शेवटी काढून टाकला. पाणीही आता पावडर घालून घट्ट करून द्यावं लागतं, नाहीतर ठसका लागतो. जिभेची धार मात्र तशीच आहे. परवा शेजारच्या काकांनी विचारलं, मुलगा काय करतो? तर म्हणाले, "माझा मुलगा माश्या मारतो, पण शास्त्रशुद्ध." वाक्य पुरं व्हायला बराच वेळ लागला, पण काका हसायला थांबले होते. तुझ्या त्या डॉक्टरकी आणि पीएचडी एकत्र करायच्या कोर्सबद्दल कळल्यावर म्हणाले, "दोनदा डॉक्टर? एकदा नापास होणार आहे की काय?"

तुझा निबंध वाचला. "मला डॉक्टर आणि संशोधक दोन्ही का व्हायचं आहे," अर्जाला जोडायचा तो. चुका बघायला पाठवलास म्हणून आधी चुकाच सांगते. "कटिबद्ध" हा शब्द इतक्यांदा आलाय की निवडणुकीला उभा आहेस असं वाटतं. दुसऱ्या पानावर एक वाक्य सुरू होतं ते संपतच नाही. लाल पेनाने खुणा केल्यात, कागद सोबत आहेत.

आता एक विचारते. या निबंधात बाबा कुठे आहेत?

तुझ्या प्रयोगशाळेतल्या माश्या आहेत. त्यांच्या मेंदूत साचणारी प्रथिनं आहेत. तुझ्या मॅडम आहेत. वॉर्डात तुझा हात धरून ठेवणाऱ्या त्या आजीबाई आहेत, ज्यांना तू एका दुपारपुरता ओळखत होतास. ज्या आजाराच्या माश्या तू इतकी वर्षं पाळतोयस, तो आजार आपल्याकडे जेवायच्या टेबलावर समोर बसतो, आणि त्याचा एका ओळीतही उल्लेख नाही. सगळे उमेदवार म्हणे आजीचा मधुमेह नि मामाचं हृदय शोधून शोधून लिहितात. तुला शोधायचीही गरज नव्हती. मॅडमनीही हेच सुचवलं, असं तूच फोनवर म्हणाला होतास. मग कुठे अडलं? बाबांची लाज वाटते का? राग येऊ दे, पण मी विचारणार.

दुसरं म्हणजे आईचं काय चाललंय? बाबांना सोडून समोरच्या घरात लग्न असलं तरी न जाणारी बाई, "त्याची परीक्षा आहे, जेवणाचे हाल होतात" म्हणून तुझ्याकडे राहून आली. कसली परीक्षा? तुझी प्रवेश परीक्षा तर उन्हाळ्यातच झाली. आल्यापासून बाईसाहेब नुसत्या आनंदात. कपाटं आवरतात, गुणगुणतात, मी तोंड उघडायच्या आत हसतात. काय झालं विचारलं तर म्हणे, "काय व्हायचंय? माणसाने हसूही नये का?"

हसावं. पण आपली आई अशी हसत नाही.

उत्तर पत्रानेच पाठव. फोन केलास की आई स्पीकर लावते आणि मग आपण हवापाण्यावर बोलतो. बाबा मला फौजदार म्हणतात ते उगीच नाही, हे लक्षात असू दे.

तुझी
ताई


रविवार, ५ ऑक्टोबर

टिल्लू,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठोरं. "शब्दमर्यादा होती, बाबा बसले नाहीत." अरे, बाबांना बसायला किती शब्द लागतात? आजीबाईंना अख्खा परिच्छेद दिलास.

मुलाखतीचं बोलावणं आलं हे वाचून बरं वाटलं. आईने शेजारीपाजारी सांगून टाकलं. पण माझ्या प्रश्नाला बगल दिलीस, म्हणून आता मीच बोलते.

ऑगस्टात आला होतास तेव्हा बाह्या दुमडून भांडी घासत होतास. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला पिवळट पडत चाललेला डाग होता. विचारलं तर म्हणालास, "रक्तदान केलं." मी भांडी पुसत राहिले. रक्त तपासायला उपाशीपोटी आलेल्या लोकांच्या नसा शोधणं हा माझा रोजचा धंदा आहे, विसरलास? रक्तदानाची सुई जाड असते, तिची खूण मला कळते. तुझ्या हातावर बारीक सुईच्या खुणा होत्या, आणि ज्याने कोणी रक्त घेतलं त्याला नस पहिल्या फटक्यात सापडलेली नव्हती. म्हणजे रक्त तपासायला दिलं होतंस. त्यानंतर काही दिवसांनी आई तुझ्याकडे आली. त्या तपासणीचा निकाल घ्यायला सोबत कुणाला तरी आणा म्हणतात, हे मला माहीत आहे.

बाबांचं निदान झालं त्या दिवशी डॉक्टरांनी आपल्याला समोर बसवून सांगितलं होतं. हा आजार प्रत्येक मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी. रक्तावरून आधीच कळू शकतं. कळून घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. बाहेर पार्किंगमध्ये आपण ठरवलं, तपासणी करायची तर दोघांनी एकदम, नाहीतर कुणीच नाही. त्यावर हात पुढे केला होतास तो तू.

तू एकट्याने केलीस. आणि तू सुटलास.

कसं ओळखलं ते सांगते. तुझ्या अर्जावरून. आधी डॉक्टरकीची दोन वर्षं, मग प्रयोगशाळेत चार, मग परत वॉर्डात, आणि एवढं झाल्यावर पुन्हा स्पेशलायझेशन. तोवर तू चाळिशीकडे झुकशील. बाबांचे हात चाळिशीच्या आतच हलायला लागले होते. एवढा लांबचा पल्ला कोण आखतो? ज्याच्या हातात चांगला निकाल आहे तो. निबंधात बाबा नाहीत, कारण बाबांच्या आजाराशी तुझा संबंध संपला. आई गुणगुणते, कारण तिचा एक तरी वाचला. आणि मला कुणी सांगत नाही, कारण...

कारण मला वाईट वाटेल. हो ना?

नाणं प्रत्येकासाठी वेगळं उडतं हे मला कळतं रे. पण आपल्या घरातलं गणित मनातून जात नाही. मुलं दोन, शक्यता निम्मी, म्हणजे कुणीतरी एक. तू नाहीस तर उरलं कोण? मागच्या आठवड्यात लॅबमध्ये माझ्या हातून ट्रे पडला. ट्रे कुणाच्याही हातून पडतो. सगळे गोळा करायला धावले आणि मी आपली टेबलावर हात पसरून बोटं हलतात का बघत उभी. बाबांना व्यायाम द्यायला येतो त्या फिजिओने मला लग्नाचं विचारलंय ते तुला माहीत आहे. परवा त्याला नाही म्हणून टाकलं. कारण सांगितलं नाही. तो म्हणाला, "बरं, पण व्यायामाला येऊ ना?"

तू सुटलास याचा मला राग नाही. देवाशपथ नाही. राग याचा आहे की तुम्ही दोघांनी मला दाराबाहेर ठेवून आनंद केलात, आणि मी आत येऊ नये म्हणून आई दारात हसत उभी राहिली.

मुलाखतीला जायच्या आधी मला खरं काय ते लिही.

ताई


गुरुवार, ९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. तुझा तपास जवळजवळ सगळा बरोबर आहे. तपासणी केली, आईला सोबत नेलं, नसही दुसऱ्या फटक्यात सापडली.

सुटलो नाही.

माझ्यात आहे. आत्ता काही होत नाहीये, कधी सुरू होईल ते कुणी सांगू शकत नाही. आणि हे वाचून घरातलं गणित उलटं मांडू नकोस. माझं आलं म्हणून तुझं टळलं, असं नसतं. तुझं नाणं अजून हवेतच आहे.

पार्किंगमधला शब्द मी मोडला. सबब नाही, पण कारण आहे. अर्ज भरायला बसलो आणि दर पानावर अडकायला लागलो. पुढे काय करणार, दहा वर्षांनी कुठे असाल, असे प्रश्न असतात. लिहिताना वाटायचं, आपण थापा मारतोय. म्हणून कळून घ्यायचं ठरवलं. तुला आणलं असतं तर तू माझ्या तोंडावरून स्वतःचा निकाल वाचला असतास. आत्ता नाही का वाचलास, आणि तोही चुकीचा.

निकाल कळल्यावर आईला बसस्टँडवर सोडायला गेलो. बस लागली तरी चढेना. म्हणाली, "ताईला काय सांगायचं?" मी म्हटलं, काही नाही. तर म्हणाली, "मग मला हसावं लागेल. गप्प बसले तर ती लगेच ओळखते." म्हणून ते गुणगुणणं. त्या बाईला दोष देऊ नकोस.

बाबांची लाज मला कधीच वाटली नाही. ते निबंधात आले असते तर मुलाखतीत पहिला प्रश्न आला असता, आणि तुमचं काय? उघड विचारायची त्यांना परवानगी नसते, पण कुणीतरी त्या नजरेने बघतंच. आणि मला खोटं बोलता येत नाही. तुझ्यासमोर रक्तदानाचं एक खोटं बोललो, त्याचं काय झालं बघ.

जागा थोड्या असतात. आपल्यावर खर्ची घातलेली वर्षं फुकट गेली तर, हा विचार मी केलाय. दुसऱ्या कुणाची जागा अडवतोय का, हाही. साधी डॉक्टरकी करून लवकर मोकळं व्हावं, असं पुष्कळदा वाटलं. पण ताई, मला त्या माश्या आवडतात. मला पेशंटशी बोलायलाही आवडतं. निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबमध्ये गेलो आणि नेहमीसारखा कामाला लागलो. दुसरं काही करावंसं वाटलंच नाही. म्हणून अर्ज तसाच पाठवला. भीती वाटते, खूप वाटते. मुलाखतीची वेगळी आणि ही वेगळी.

माझ्यामुळे फिजिओला हो म्हणू नकोस आणि नाहीही म्हणू नकोस. तो व्यायामाला येतोय ना अजून?

बाबांना काही सांगू नका.

तुझा
टिल्लू


रविवार, १९ ऑक्टोबर

प्रिय टिल्लू,

उत्तराला उशीर झाला. बसत होते आणि उठत होते.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, टिल्लूचं पत्र आलंय, त्याने सगळं लिहिलंय. तिने हातातली उशीची खोळ नीट चार पदरी दुमडली, बाजूला ठेवली आणि विचारलं, "म्हणजे आता हसायला नको ना?" मग आम्ही दोघी पुष्कळ रडलो. बाबा आतून ओरडले, "कोण गेलं?" मी म्हटलं, कुणी नाही. तर म्हणाले, "मग वाढा की जेवायला." त्यांना काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

तुझी मुलाखत जवळ आली. जागा अडवण्याचं पुन्हा बोललास तर कानाखाली वाजवीन. समोर बसणाऱ्यांपैकी कुणाच्या खिशात चाळीस वर्षांची हमी आहे? बाबांबद्दल विचारलं तर भरभरून सांग. तुझ्याबद्दल विचारलं तर तो त्यांचा विषय नाही, एवढं म्हणायला काही खोटं बोलावं लागत नाही. आणि ही वर्षं खूप होतात, एकच काहीतरी का नाही करत, असं कुणी म्हणालं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये गेलास ते आठव. मला लिहिलंस तसंच साधं बोल. कटिबद्ध होऊ नकोस.

मी स्वतःची तपासणी करायची की नाही, ते ठरवलेलं नाही. फिजिओ येतो. बाबांना व्यायाम देतो आणि निघताना चपला घालायला जरा जास्त वेळ लावतो. त्याचंही ठरवलेलं नाही.

आता जे लिहायला हात उचलत नव्हता ते लिहिते.

"सुटलो नाही" हे वाचलं तेव्हा मला आधी रडू आलं नाही. आधी बरं वाटलं. छातीवरचं ओझं कुणीतरी उचललं असं वाटलं. म्हणजे मी नाही, असं वाटलं. पुढच्याच ओळींत तू बजावलं होतंस, पण त्या ओळींपर्यंत माझे डोळे पोचायच्या आत ते वाटून गेलं होतं. डोळ्यांसमोर फिजिओ आला, एक घर आलं, त्यात एक मूल आलं. एवढं सगळं येऊन गेल्यावर मग तू आलास.

क्षणभरच होतं, असं म्हणून सोडून देता आलं असतं. तूही सोडून देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. पण मी तुला अंगाखांद्यावर खेळवलंय, आणि तुझं असं कळल्यावर पहिल्यांदा मला बरं वाटलं. महिनाभर मी तुझ्यावर आणि आईवर पाळत ठेवली, तुम्ही माझ्या मागे आनंद करताय म्हणून. तुम्ही तो केलाच नव्हता. केला तो मी, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, तुझं पत्र हातात धरून.

हे तुला सांगितल्याशिवाय खाली सही करवत नव्हती. आता सांगितलं. तू वाचलंस. म्हणून करते.

तुझीच
ताई