घड्याळ पुढे नेलं तर

ओजिमा, टोकियो, ऑगस्ट २०१८, बुधवार

आज ऑफिसात दिवसभर एकच विषय, ऑलिंपिकसाठी उन्हाळ्यात घड्याळं पुढे नेण्याचा येऊ घातलेला कायदा, म्हणजे ऑफिस सुटल्यावरही उजेड. शेजारच्या टेबलावरचे सातो-सान वैतागले होते. "नुसती झोपमोड. तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, "करावं. वर्षभर करावं." मनात माझा नवरा संजय होता.

२०११च्या भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात वीज वाचवायला संजयचं ऑफिस लवकर सुटायचं. एरवी आमची मीरा झोपल्यावर येणारा माणूस उन्हं असतानाच दारात उभा. रोज तिला सायकलवर बसवून नदीकाठी न्यायचा. तो एकच उन्हाळा. पुढच्या वर्षी आजारपणात तो गेला.

घरी आल्यावर मीराला विचारलं, "बाबा तुला नदीवर न्यायचे, आठवतं?"

"ओबोएतेनाई," ती म्हणाली. आठवत नाही. मग माझा चेहरा पाहून मराठीत, "सॉरी आई, मी लहान होते ना."

लहानच होती. तिचा काय दोष? पण म्हणजे तो उन्हाळा आता माझ्या एकटीकडेच उरलाय. मी विसरले तर?

जेवण झाल्यावर तीच म्हणाली, "कुठे न्यायचे, दाखवशील?"

अंधार पडला होता, तरी गेलो. मी बोटाने जागा दाखवत राहिले आणि काही दिसत नसतानाही ती "हं, हं" म्हणत राहिली.