गल्लीचे जावई आणि मोटारीचं दार

उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर
जुलै २००३

तीर्थस्वरूप चनबसाप्पा दाजी यांच्या सेवेशी,

बाळासोचे शरणु शरणार्थी आणि साष्टांग नमस्कार. (उजवा हात प्लॅस्टरमध्ये असल्याने आठातलं एक अंग सध्या रजेवर आहे, तेवढं सांभाळून घ्यावं.) आपली प्रकृती, अंबूअक्काची कंबर, पेठ वडगावचं अडत दुकान आणि विशेष करून नवी मोटार खुशाल असल्याचं कळवावं. माझ्या कोपरामुळे तिच्या दाराला जो पोचा आला तो निघाला की नाही, ही काळजी इथे सगळ्या गल्लीला आहे. पत्र मी सांगतो आहे आणि माझी मुलगी, आपली भाची सौंदर्या लिहिते आहे, त्यामुळे अक्षर बरं आहे.

कारण असं की, अक्काने काल फोनवर विचारलं, बाळासो सायकलवरून पडला तरी कसा? आपण तिथे हजर होता, पण गाडीतून उतरण्याच्या गडबडीत आपल्याला नीट दिसलं नसावं. म्हणून सविस्तर लिहितो.

त्या दिवशी मी हँडलला दुधाची किटली अडकवून गंगावेशीतून घरी येत होतो. रस्त्याची डावी कड सायकलवाल्याची, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. त्या कडेला आधीच रिक्षा उभ्या असतात, रिक्षांच्या पुढे म्हशी असतात आणि म्हशींच्या पुढे आणखी मोटारी, हे मात्र शिकवायचं राहून गेलं. म्हणून सायकलवाला जरा आतून जातो, म्हणजे मागून येणारा ट्रक हॉर्न देऊन त्याला पुन्हा कडेला पाठवतो. (हॉर्न दिला की आपली जबाबदारी संपली, असं आपणच एकदा जेवताना म्हणाला होता. मी तेव्हा मान डोलावली होती, कारण तोंडात घास होता.) त्यातल्या त्यात म्हशीच्या शेजारून जाणं मला बरं वाटतं. म्हशीला दार नसतं.

गल्लीच्या कोपऱ्यावर लावलेल्या आपल्या मोटारीला चार आहेत. त्यातलं उजवीकडचं पुढचं दार, मी अगदी जवळ आल्यावर, आपण उघडलंत. मी दारावर, दूध माझ्यावर आणि आम्ही दोघं रस्त्याच्या मधोमध, असा क्रम होता. मागच्या रिक्षावाल्याने कचकन ब्रेक दाबला, म्हणून हे पत्र आपल्याला येत आहे. (इथे सौंदर्याने पेन खाली ठेवलं होतं. समजूत घालून पुढे लिहायला बसवली आहे.)

गल्ली धावली, हे आपण पाहिलंतच. तालमीचे हंबीरराव लुंगी खोचत सगळ्यांच्या पुढे होते. “कोण रं त्यो? काढा त्येला भाईर!” म्हणत त्यांनी आपली कॉलर धरली तेव्हा, खोटं कशाला बोलू, रस्त्यावर पडल्यापडल्या मला क्षणभर फार बरं वाटलं. पण तेवढ्यात त्यांनी आपला चेहरा पाहिला. “आरं, हे तर आपल्या गल्लीचं जावई!” कॉलर सोडली, सारखी केली, वर हाताने झटकलीसुद्धा. मग माझ्याकडे वळले. “बाळासो, जावई गाडीतनं उतराय लागल्यात आन् तू सायकल घालतोस व्हय त्यांच्यावर?”

त्यावर आपण म्हणालात, “जाऊ द्या हंबीरराव. माझी गाडी थांबलेलीच हुती की. थांबलेली गाडी कुणाला धडकल व्हय?” हा मुद्दा सगळ्या गल्लीला पटला. माझ्याकडे उत्तर होतं, पण जावयाला उलटून बोलायची आपल्याकडे पद्धत नाही आणि शिवाय तोंडात दूध होतं. आपल्यासाठी खुर्ची आली, पाणी आलं. मला उचलावं हे रिक्षावाल्याला सुचलं. तो बिचारा परगावचा होता.

पुढचं घरी झालं. नवी गाडी घेऊन जावई पहिल्यांदा दारात आलेले, म्हणून आमच्या मंडळींनी गाडीला हळदकुंकू वाहिलं, चाकापुढे नारळ फोडला, आपल्याला टॉवेल-टोपीचा आहेर केला. आहेराचं ताट मी डाव्या हाताने धरलं होतं. उजवा तेव्हा भलत्याच दिशेला बघत होता. नंतर दवाखान्यात मी रिक्षाने गेलो तेही योग्यच झालं. आपल्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं.

असो. हाड जुळेल. न जुळणारं वेगळंच आहे. सौंदर्याला अकरावीला प्रवेश मिळाला, कॉलेज लांब म्हणून तिच्यासाठी लाल सायकल आणली, सोमवारपासून कॉलेज. पण आमच्या मंडळींनी सायकल साखळीने खांबाला बांधून किल्ली कनवटीला लावली आहे. म्हणतात, “घरचा जावई मागं बघत न्हाय, तर परका कशाला बघंल? न्हाय शिकली तर न्हाय शिकली. माझी पोरगी जित्ती पायजे.” सौंदर्या दोन दिवस जेवलेली नाही. मला दोघींचंही पटतं आणि दोघींचीही भीती वाटते.

अक्काला नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
बाळासो

ता. क. : पोचा काढायला काय खर्च येईल तो कळवावा असं मी सांगत होतो. सौंदर्या लिहीत नाही म्हणते.

ता. क. २ : खरं काम हे. रविवारी गाडी घेऊन यावं, त्याच कोपऱ्यावर लावावी आणि आमच्या मंडळींच्या देखत उजवीकडचं दार डाव्या हाताने उघडावं. डावा हात तिथवर न्यायचा तर अंग वळतं, अंगाबरोबर मान वळते आणि मागचं दिसतं. मी घरात खुर्चीवर बसून करून पाहिलं आहे. माफीबिफी काही नको, जावयाने ती मागायची नसते. फक्त मान वळावी. टॉवेल-टोपी आणून ठेवली आहे. दाजी, मला मोडायला अजून एक हात आहे. पोरगी एकच आहे.

ता. क. ३ : मामा, हे माझं. बाबांना डोळा लागलाय. किल्ली मला सापडली आहे. रविवारी तुम्ही या नाहीतर नका येऊ, सोमवारी सकाळी मी सायकलवरनंच जाणार. आईला सांगू नका. सोमवारी तुम्ही बाजाराला याल तेव्हा गाडी त्याच कोपऱ्यावर लावाल. दार उघडायच्या आधी मागं बघा, मी असेन.