गाडी भंगारात न देण्याविषयीचे माझे मृत्युपत्र

प्रिय आत्या,

माझ्यासारखीने मृत्युपत्र लिहावे हा आगाऊपणा आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. माझे वय सव्वीस आहे, प्रकृती ठणठणीत आहे, आणि घरात तुझ्यासारखी वकील असताना मी कायद्याच्या भाषेला हात लावणे म्हणजे सूर्यापुढे काजवा धरणे. तरीही, "ज्याच्या नावावर काडीची मालमत्ता आहे, त्यानं मृत्युपत्र करावं," हे वाक्य तुझेच आहे. माझ्या नावावर एक मोटार आहे. म्हणून क्षमा मागून सुरुवात करते.

मी, खाली सही करणारी, ग्रंथालयशास्त्राची पदवीधर (शाळेत पहिली आले होते, त्याचा येथे संबंध नाही, पण काका माझी ओळख तिथूनच करून देतात), पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता पुढीलप्रमाणे लिहून ठेवते. ‘दडपणाखाली न येता’ हे शब्द मी दोनदा खोडले व तिसऱ्यांदा लिहिले. कारण पाचव्या कलमात आहे.

कलम १. माझी सर्व पुस्तके दादाच्या मुलीला द्यावीत. त्यापूर्वी दादाने शब्दकोशाचा दुसरा खंड परत करावा. तो त्याने जेवणाच्या टेबलाच्या पायाखाली घातला आहे. टेबल डुगडुगू नये ही त्याची गरज मला मान्य आहे; त्यासाठी त्याने आपला वाहन परवाना चार घड्या घालून वापरावा. तो पहिल्याच प्रयत्नात मिळाल्याचे आता सर्वांना दाखवून झाले आहे.

कलम २. गाडीच्या डिकीतील जॅक, बारा नंबरचा पाना आणि काच खालीवर करण्याचे हँडल गाडी दुरुस्त करणाऱ्या वस्तादांना द्यावे. हँडल एकच आहे. चारही दारांना तेच लावावे लागते, आणि प्रवासात ते ज्याच्या हाती असेल त्यालाच वारा मिळतो. वस्तादांना मी या कागदावर साक्षीदार व्हाल का, असेही विचारले होते. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, हा तुझा सल्ला मी त्यांना सांगितला.  ते म्हणाले, "मग पाना द्या. सही काय, कुणीही करतं."

कलम ३. मोटार शिकवणाऱ्या मास्तरांना काहीही देऊ नये. मी परीक्षेत तीनदा नापास झाले, हे खरे. त्यापैकी एकदा मी चौकात एका गाडीला आधी जाऊ दिले. ती गाडी उभी होती व तिच्यात कोणी नव्हते, हे मला सहा मिनिटांनी कळले. परंतु त्यावर मास्तरांनी सर्व विद्यार्थ्यांसमोर, "ताई, तुम्ही गाडीवर निबंध लिहा, चालवायचं राहू द्या," असे म्हणण्याचे कारण नव्हते. परवाना चौथ्या खेपेस मिळाला. त्याला दोन वर्षे सात महिने झाले. या काळात मी गाडी फक्त धुतली.

कलम ४. आता मुख्य मालमत्ता.

ही गाडी बाबांनी एका निवृत्त पशुवैद्याकडून एकोणीस वर्षांपूर्वी घेतली. तेवढ्याच किमतीत आईला लोखंडी कपाट हवे होते. शेजारणीने त्या वेळी घेतलेल्या तशाच कपाटाचे दार चौथ्या वर्षी निखळले. गाडीची चारही दारे अद्याप जागेवर आहेत, उघडतात तीन.

कोणाची गाडी जास्त वसूल झाली, हा आपल्या घरातला जुना वाद आहे. काकांचे म्हणणे, त्यांचीच. "नऊ वर्षं झाली, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही," असे ते सांगतात. ती गाडी कापडाखाली असते. काका रिक्षाने फिरतात. बाबा छापखान्यात मुद्रिते तपासत. मोजून बोलण्याची त्यांना सवय. त्यांनी या वादात एकदाच भाग घेतला. काकांना म्हणाले, "तुमची गाडी वसूल नाही झाली, शाबूत राहिली."

आमच्या गाडीने दादाचे लग्न, त्याच्या मुलीच्या जन्माची धावपळ, आजोबांचे डोळ्यांचे ऑपरेशन, दोन घरबदल आणि माझ्या सगळ्या परीक्षा केल्या. स्टार्टर बिघडला होता त्या वर्षी बाबा परीक्षा केंद्राजवळचा उतार शोधून तिथे गाडी लावत आणि तीन तास आत बसून राहत. पेपर कसा गेला, असे त्यांनी मला कधी विचारले नाही. "लोट," एवढेच म्हणत. मी लोटत असे. शाळेत पहिली आलेली मुलगी गाडी लोटतानाच आपल्या गल्लीने सर्वाधिक वेळा पाहिली आहे.

डोळे अधू झाल्यावर बाबांनी गाडी माझ्या नावावर केली. दादाने कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ही चालवणार नाही. म्हणजे गाडी टिकेल." सगळे हसले. मीही हसले. ते मला लागले होते, हे या कागदापलीकडे कोणाला सांगू नये.

कलम ५. मागील सोमवारी काकांनी बैठक घेऊन गाडी भंगारात देण्याचे ठरवले. "रविवारी अकराला माणूस येतोय. तू फक्त सही कर, बाकीचं आम्ही बघतो," असे ते मला म्हणाले. मी मान हलवली. ती कोणत्या दिशेने हलली, याबद्दल मतभेद आहेत.  बाबा खाली जाऊन गाडीचा आरसा पुसत बसले.

काकांना हे ठाऊक नव्हते की मला तालुक्याच्या वाचनालयात नोकरी लागली आहे. ते चाळीस किलोमीटरवर आहे, कामाला येत्या सोमवारी सुरुवात आहे, आणि तिकडे जाणारी एकमेव बस वाचनालय उघडल्यावर तासाभराने पोचते. म्हणून मी येथे निःसंदिग्धपणे नमूद करते की माझ्या मालकीची ही गाडी कोणीही, कोणत्याही कारणाने भंगारात देऊ नये.

कलम ६. वरील पाच कलमे मी गुरुवारी तुला पाठवली. त्यावर तुझा फोन आला.

"छान लिहिलंयस गं," तू म्हणालीस. "शुद्धलेखनाची एक चूक नाही. पण मृत्युपत्र कधी लागू होतं?"

"मृत्यूनंतर."

"आणि रविवारी अकरा वाजता तू कुठे असशील?"

"घरी."

"जिवंत?"

"असेन, असं वाटतं."

"मग काकांना काय हा कागद वाचून दाखवणार आहेस? बाळ, मेल्यावर नाही म्हणायला मी आहे. जिवंतपणी तुलाच म्हणावं लागेल."

एवढी मोठी चूक मी उत्तरपत्रिकेत कधी केली नव्हती. नकार द्यायची वेळ आली की मी कोणते तरी पुस्तक उघडते. या वेळी कायद्याचे उघडले, इतकाच फरक.

कलम ७. आज रविवार. काकांना काय सांगायचे, हे मी शनिवारी तीन परिच्छेदांत लिहून पाठ केले. पहिल्यात त्यांच्या वडीलकीचा आदर होता, दुसऱ्यात आकडेवारी, तिसऱ्यात विनंती. अकराला दहा कमी असताना काका फॉर्म आणि पेन घेऊन आले. त्यांच्यामागे भंगारवाले होते. काकांनी बोट ठेवून सहीची जागा दाखवली आणि मला तिन्ही परिच्छेदांतले एक अक्षर आठवेना.

मी म्हणाले, "विकायची नाही."

"काय?"

"गाडी. विकायची नाही. मला लागणार आहे."

"तुला? कशाला?"

"चालवायला."

दादा हसला. आई आतून बाहेर आली. काका म्हणाले, "अगं, माणूस दारात आणलाय मी. माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?"

"आहे, काका," मी म्हणाले. "पण गाडी माझी आहे." सही मी केली नाही. फॉर्म पेनासकट परत दिला.

 बाबा खुर्चीतून माझ्याकडे पाहत होते. त्यांना तेवढ्या अंतरावरून माझा चेहरा नीट दिसत नाही.

"ऑइल बघितलंस का?" त्यांनी विचारले.

"नाही."

"चल, दाखवतो कसं बघायचं."

कलम ८. सबब पाचवे कलम रद्द करते. त्याची आता आवश्यकता नाही. माझ्या पश्चात गाडी बाबांची, त्यांच्यानंतर दादाच्या मुलीची. काकांविषयी मनात काही नाही. ते चिडून चालत घरी गेले. आपली गाडी काढा, असे त्यांना कोणी सुचवले नाही. उर्वरित कलमे कायम आहेत, आणि त्यांचा विचार आता अधिक गांभीर्याने व्हावा, कारण उद्या सकाळी साडेसहा वाजता मी ही गाडी एकटीने रस्त्यावर आणणार आहे.

साक्षीदार:

१. शेजारच्या काकू, निवृत्त परिचारिका. सही करताना म्हणाल्या, "उद्या साडेसहाला गल्लीत मी नाही."

२. भंगारवाले. फेरी फुकट गेली म्हणून आईने त्यांना चहाला बसवले होते. म्हणाले, "ताई, मी लोकांच्या सह्या घेतो. देतोय आज पहिल्यांदा."

सही: (केली आहे)

ठिकाण: आमच्या घरासमोर, चालकाच्या जागेवर, इंजिन बंद.

आत्याला पाठवले: रविवार, १६ फेब्रुवारी २०२५, दुपारी बारा वाजून सदतीस मिनिटे.